शनिवारची चाखणी

आपल्याकडे 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून सगळं खपतं. ताथवड्यातलं रविराजशेठचं दुकानही पंधरा वर्षं तसंच होतं. रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळीची खिडकी, खिडकीसमोर हात पुढे केलेली गर्दी आणि वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या वाईनच्या चार बाटल्या. मग आजूबाजूला कॉलेजं झाली, वीस-वीस मजल्यांचे टॉवर उठले, मारुंजीत भाड्यानं राहणारी आयटीची पोरं शनिवारी गाड्या काढून फिरू लागली. रविराजशेठनं वारा ओळखला. शेजारचा गाळा घेतला, काचेचं दार बसवलं, आत एसी लावला, लाकडी मांडण्या केल्या आणि चाखणीसाठी लागणारा परवानाही रीतसर काढून आणला. जाळीची खिडकी मात्र होती तिथंच राहिली. या आतल्या दालनासाठी त्याला वाईनमधलं कळणारं माणूस हवं होतं. ते माणूस म्हणजे आम्रपाली जोगदंड.

आम्रपालीचे वडील भिवा जोगदंड लातूरकडून पिंपरीच्या एका फाउंड्रीत आले आणि तिथूनच रिटायर झाले. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. मुलीनं सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आणि नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, तेव्हा ते ओळखीपाळखीत सांगायचे, "पोरगी द्राक्षांच्या कंपनीत आहे." तिथं सात वर्षं ती पिंपं तपासत होती, वास घेत होती, चाखत होती. वडील गेले तेव्हा आई काळेवाडीच्या घरात एकटी पडली, म्हणून आम्रपाली परत आली आणि रविराजशेठच्या दुकानात लागली.

तिची आई कस्तुराबाई दर रविवारी विहारात जाणारी, पंचशील नुसतं म्हणणारी नव्हे तर पाळणारी. मुलगी कुठं कामाला जाते हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिनं एकदाच विषय काढला.

"तू सोता घेतीस का गं?"

"नाही आई. चाखते आणि थुंकते. आमच्या कामात तशीच पद्धत आहे. गिळत नाही."

कस्तुराबाईनं भाकरी उलटली. "तू थुंकतीस, मान्य. पण ज्यान्ला देतीस ते गिळायलेत की."

आम्रपालीला राग आला होता. या कामात मान आहे, शिक्षण आहे, जाळीच्या खिडकीचा आणि माझा काही संबंध नाही, असं ती त्या दिवशी बरंच बोलली. आईनं पुन्हा विषय काढला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता दुकानात चाखणी असायची. त्या आठवड्यात नवीन आलेल्या तीन-चार वाईन ती उघडायची, दाराशी काळ्या फळ्यावर खडूनं त्यांची नावं लिहायची आणि येणाऱ्याला घोटभर ओतून द्यायची. बोलण्यात ती हुशार होती. लाजणाऱ्याला बोलतं करावं, नको म्हणणाऱ्याच्या हातात अलगद प्याला द्यावा, हे तिला जमायचं. रविराजशेठ म्हणायचा, "आम्रपाली मॅडमसमोर 'नाही' म्हणून कोण बाहेर गेलाय ते दाखवा मला."

उद्धवराव शेवाळे अशाच एका शनिवारी, फेब्रुवारीत, काचेचं दार ढकलून आत आले. सहासष्ट वर्षांचे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. दारातच थबकले आणि चप्पल बाहेर काढावी का, असं त्यांनी विचारलं. तिला हसू आलं.

"राहू द्या हो काका. या आत."

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी छान केलं, म्हणून त्यांना काहीतरी भेट द्यायची होती, आणि दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं की डॉक्टरांना वाईन आवडते. "मला यातलं काही कळत नाही मॅडम. चाकणला प्रेस शॉपमध्ये टूल रूमला होतो मी. लोखंड विचारा, सांगतो. ह्यातलं तुम्हीच द्या काय ते."

तिनं त्यांना नाशिककडची नवीन आलेली एक लाल वाईन सुचवली आणि सवयीनं प्याल्यात घोटभर ओतून पुढे केली. "चाखून बघा. भेट देताना आपल्याला माहीत असावं, कसं आहे ते."

"मला नको. मी सोडलेली आहे."

हे शब्द तिनं ऐकले. नीट ऐकले. पुढे कितीतरी महिने ते ती आठवत राहिली, त्यामुळं आपण ऐकलेच नव्हते असं स्वतःला सांगण्याचीही सोय राहिली नाही. 'मी घेत नाही' असं ते म्हणाले नव्हते. 'सोडलेली आहे' म्हणाले होते. पण दुकानात चार लोक बघत होते, आणि रविराजशेठ गल्ल्यावरून तिच्याकडंच पाहत होता.

"काका, ही काय दारू आहे का? द्राक्षाचाच रस आहे, जरा मुरलेला. एक घोट. आणि गिळायचंही नाही, हे भांडं त्यासाठीच ठेवलंय. थुंकून टाका."

उद्धवरावांनी प्याला घेतला. त्यांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक नव्हतं, कधीतरी प्रेसखाली गेलेलं. त्यांनी प्याला नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला. मग घोट घेतला. थुंकायच्या भांड्याकडं एकदा पाहिलं आणि गिळून टाकला.

"तोंडातलं थुंकायचं म्हणजे बरं वाटत नाही," ते ओशाळून म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "करवंद आहे ह्यात."

"काय?"

"करवंदाची चव आहे. पिकलेल्या नव्हे. अर्धवट पिकलेल्या, चीक असलेल्या. आणि शेवटाला भाजलेल्या शेंगांच्या टरफलाचा वास येतोय."

आम्रपालीनं स्वतः घोट घेतला, थुंकला. बाटलीबरोबर आलेल्या कागदावर कुठल्या कुठल्या परदेशी फळांची आणि लाकडांची नावं होती. ती नावं ती गेला आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवत होती, आणि ती फळं ना तिनं पाहिली होती ना त्यांनी. हे मात्र खरंच करवंद होतं. शेंगांची टरफलं होती.

"काका, तुम्ही टूल रूमला होता की अत्तराच्या दुकानात?"

ते खुलले. मशीन थंड ठेवणारं कूलंट नासायला लागलं की दोन दिवस आधी वासावरून आपल्याला कळायचं, सुपरवायझर बोलावून न्यायचा, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांसाठी बाटली घेतली आणि गेले.

पुढच्या शनिवारी ते परत आले. नवीन काय आलंय, असं विचारत. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

त्या तीन-चार महिन्यांत आम्रपालीला आपल्या कामाची जितकी गोडी लागली तितकी सात वर्षांत लागली नव्हती. ती ओतायची, उद्धवराव डोळे मिटून सांगायचे, ती फळ्यावर लिहायची. एका पांढऱ्या वाईनला त्यांनी 'पेरूच्या पानाचा वास' म्हटलं. एकीला 'नव्या वहीचं पान'. एका महागड्या परदेशी बाटलीचा घोट घेऊन ते म्हणाले, "भिजलेलं गोणपाट," आणि सगळं दुकान हसलं. फळा मराठीत झाला. कॉलेजची पोरं त्याचे फोटो काढू लागली, 'करवंदवाली द्या' म्हणून माणसं आत येऊ लागली. रविराजशेठनं उद्धवरावांसाठी कोपऱ्यात खुर्ची टाकली. ते आता तिला मॅडम म्हणत नव्हते, 'पोरी' म्हणत. तीही त्यांना नवीन बाटली आली की फोन करायची. "काका, शनिवारी या बरं का. एक खास आलीय."

घोटाचे दोन घोट कधी झाले ते तिनं पाहिलं होतं. चाखणी संपल्यावर उघड्या बाटल्यांतलं उरलेलं 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ते मागायला लागले, तेही तिनं पाहिलं होतं. प्याला ठेवताना त्यांचा हात थोडा जास्त वेळ प्याल्यावर राहायचा. हे सगळं ती बघायची आणि मनात म्हणायची, रसिक माणूस आहे.

मे महिन्यात एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, ती आत मांडणीवर बाटल्या लावत होती. पलीकडं जाळीच्या खिडकीवर गर्दी होती. सहज तिची नजर गेली. जाळीतून पाच-सहा हात आत आले होते, आणि त्यांतल्या एका डाव्या हाताच्या अनामिकेला टोक नव्हतं.

खिडकीवरच्या माणसानं त्या हातात चपटी ठेवली. हात झटकन मागं गेला.

ती जागच्या जागी उभी राहिली. कुणा पाहुण्यासाठी नेली असेल, असं तिनं ठरवलं. गुरुवारी तोच हात पुन्हा दिसला. शुक्रवारीही. पाहुणा मुक्कामाला आला असेल, असं ठरवायला ती धजली नाही, पण दार उघडून बाहेर जावं आणि 'काका' म्हणून हाक मारावी, एवढंही तिच्यानं झालं नाही. हाक मारली असती तर पुढं काय बोलायचं होतं?

शनिवारी ते नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले. दाढी वाढली होती. तिनं खिडकीचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. फळ्यावर लिहायला शब्द हवे होते. तिनं ओतलं.

पहिल्या वेळी निदान अजाणतेपणाचा आधार तरी होता, जरी तो खरा नव्हता. या दुसऱ्या वेळी कसलाच नव्हता.

जूनमध्ये ते यायचे बंद झाले. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची लाजही वाटली. करायला म्हणून फोन तिनं दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला.

मग एका दुपारी जाळीच्या खिडकीवर एक बाई आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून काढलेला एक पासपोर्ट साइजचा फोटो. खिडकीवरच्या माणसाला फोटो दाखवून त्या म्हणत होत्या, "ह्यास्नी देऊ नका. पाया पडते तुमच्या. आला हा माणूस तर देऊ नका."

"मावशी, आम्ही नाही दिली तर पुढचं दुकान देईल. बाजूला व्हा, गिऱ्हाईक आहे."

मागची माणसं हसली. आम्रपाली बाहेर आली, बाईंना हाताला धरून आत घेऊन गेली, आणि योगायोगानं म्हणा की दुसरी खुर्चीच नव्हती म्हणून म्हणा, त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. फोटो पाहायची तिला गरज नव्हती, तरी पाहिला. कंपनीच्या ओळखपत्रासाठी काढलेला, जुना, काळ्या मिशांचा.

त्या उद्धवरावांच्या पत्नी, यशोदाबाई. पाणी प्यायल्या आणि बोलू लागल्या. कुणीतरी बसवून विचारलं एवढ्यावरच त्यांचा बांध फुटला.

"अकरा वरसं, बाई. अकरा वरसं थेंब न्हाई घेतला. त्याच्या आधी काय हाल काढले ते माझं मला ठावं. नोकरी जायची वेळ आली व्हती. तवा तो हिंदुराव, त्यांच्याच शिफ्टचा, कासारवाडीचा, तो ह्यांना मीटिंगला घेऊन गेला. दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग असती ना, ती. दर आठवड्याला यायचा, हाताला धरून न्यायचा. देवमाणूस म्हणत व्हते मी त्याला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन् त्यानंच घात केला."

"म्हणजे?"

"सोताच परत प्यायला लागला आसंल, दुसरं काय! फेब्रुवारीपासनं दर शनिवारी हे सांगून जायचे, हिंदुरावाकडं चाललोय. पयले काई कळलं न्हाई. मग वास यायला लागला. मी गेले त्याच्या दारात. चारचौघांत, त्याच्या सुनंसमोर, नको नको ते बोलले. म्हणलं, माझं घर बसवलंस आन् तूच मोडलंस. परत आमच्या दारात पाऊल ठेवू नको. तर त्यानं मान खाली घातली बगा. एक शब्द बोलला न्हाई. खरं असल्याबिगर कोण असं ऐकून घेतं?"

आम्रपालीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. शनिवारी उद्धवराव हिंदुरावांकडं नव्हे तर इथं असायचे, हे यशोदाबाईंना सांगू शकतील अशी तीनच माणसं होती. ते स्वतः, रविराजशेठ आणि ती. तोंड उघडलं की संपलं, एवढंच करायचं होतं. तिनं तोंड उघडलंही.

"काका आता कसे आहेत?" असं विचारलं.

"जिन्यात पडले. खांद्याचं हाड मोडलंय." यशोदाबाई उठल्या. जाताना तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "गुणाची पोरगी हायस. अशा ठिकाणी काम करतीस तरी माया हाय तुझ्या हातात."

त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. शनिवारची चाखणी आली. नवीन दोन बाटल्या होत्या. एका मध्यमवयीन बाईंनी 'नको, मला सवय नाही' म्हटलं, आणि आम्रपालीच्या तोंडून सवयीनं 'एक घोट' एवढं निघालं, पुढचे शब्द बाहेर येईनात. तिनं प्याला मागं घेतला. रविराजशेठनं लांबून खुणेनं विचारलं, काय झालं?

त्या रात्री तिनं आईला सांगून टाकलं. कस्तुराबाई मेथी निवडत होती. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही, 'मी म्हणत नव्हते का' असंही म्हणाली नाही.

"नोकरी सोडून देते मी," आम्रपाली शेवटी म्हणाली.

"सोड. तुला बरं वाटंल." आईनं काड्या बाजूला केल्या. "त्या माणसाला काय त्याचं? आन् तो दुसरा, ज्याच्यावर आळ आलाय, त्याला काय? नोकरीचं मागून बघ. आधी जाऊन सांगून ये."

रविवारी सकाळी ती दुकानामागच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर उद्धवरावांच्या घरी गेली; पत्ता त्यांनीच कधीतरी बोलता बोलता सांगितला होता. दार सुनेनं, विजयश्रीनं उघडलं. यशोदाबाईंनी तिला ओळखलं, कौतुकानं सुनेला सांगितलं, "ही ती पाणी देणारी पोरगी." चहा टाकायला सांगितला. चहा यायच्या आत सांगायला हवं, चहा प्यायल्यावर आपल्याच्यानं बोलवणार नाही, हे आम्रपालीला कळत होतं.

"मावशी, काका शनिवारी हिंदुरावांकडं नव्हते जात. आमच्या दुकानात यायचे. माझ्याकडं. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, मी सोडलेली आहे म्हणून. तरी मी आग्रह केला. मीच ओतून दिली."

यशोदाबाईंना ते कळायला वेळ लागला. त्यांची मान हळूहळू हलली, जणू कुणी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतंय. मग त्या म्हणाल्या, "तू?"

"हो."

"परवा मी बोलत व्हते, रडत व्हते, तवा तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

आतल्या खोलीच्या दारात उद्धवराव येऊन उभे राहिले होते. हात गळ्यात बांधलेला, अंगातला बनियन ढगळ झालेला. त्यांनी आम्रपालीकडं पाहिलं नाही. यशोदाबाईंकडंही नाही. खाली फरशीकडं बघत ते म्हणाले, "हिंदुरावचं नाव मीच घेतलं होतं. दुसरं सुचलं नाही," आणि परत आत गेले. पलंग वाजल्याचा आवाज आला.

आम्रपालीला वाटलं, यशोदाबाई आता शिव्या देतील, हाताला धरून बाहेर काढतील. तिला ते हवं होतं. पण त्या बसल्या जागी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, मी त्या माणसाला काय काय बोलले गं. त्याच्या सुनंसमोर!"

मग त्या उठल्या आणि पदर खोचला. "चल. कासारवाडीला. तू पण चल. जे मला सांगितलंस ते त्याला सांग."

रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या, पण यशोदाबाईंनी मध्ये पिशवी ठेवली. डांगे चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "अकरा वरसं," आणि ते तिला उद्देशून होतं की नाही तेही तिला कळलं नाही.

हिंदुराव कासारवाडी स्टेशनमागच्या चाळीत राहायचे. सत्तरीचे, बारीक अंगाचे. ओट्यावर बसून कुणाचातरी मिक्सर खोलून दुरुस्त करत होते. यशोदाबाईंना पाहून स्क्रूड्रायव्हर ठेवून उठून उभे राहिले. घरातून सून डोकावली आणि यशोदाबाईंना बघून तिनं तोंड फिरवलं.

यशोदाबाई सरळ त्यांच्या पायाशी वाकल्या. "भावजी, चुकले मी."

"अहो वहिनी, उठा, उठा. काय करताय!"

आम्रपालीनं सगळं परत सांगितलं. आईला सांगितलं, यशोदाबाईंना सांगितलं, आता तिसऱ्यांदा. तिला वाटलं होतं दर वेळी जरा हलकं होईल. तसं झालं नाही. उलट दर वेळी एखादी गोष्ट जास्तीची बाहेर येत होती. खिडकीवर हात पाहिल्यानंतरच्या शनिवारचं तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते इथं सांगितलं.

हिंदुरावांनी ऐकून घेतलं. "उद्धव माझं नाव सांगून जातोय हे मला वहिनी आल्या तेव्हाच कळलं. पण मी म्हटलं असतं, माझ्याकडं नव्हता येत, तर तो खोटंही बोलतोय हे वहिनींना कळलं असतं. तेव्हा त्यांचं डोकं तापलं होतं. त्याला घराबाहेर काढलं असतं, तर तो गेलाच असता. म्हटलं, आपण ऐकून घ्यावं. त्याला परत आणता येतंय का बघू."

"मग आला का न्हाईत?" यशोदाबाई रडत म्हणाल्या.

"तुम्हीच पाऊल टाकू नको म्हणाला होतात ना वहिनी. दोनदा येऊन खालून परत गेलो. वॉचमनला विचारा."

आम्रपालीनं मान वर केली. "काका, माझ्यामुळं झालं सगळं."

हिंदुराव म्हणाले, "पोरी, पिणाऱ्याचा हात त्याचा असतो, गळा त्याचा असतो. मी पण त्यातलाच आहे, मला माहीत आहे. तू नसती दिली तर दुसऱ्या कुणी दिली असती, कदाचित कधीच कुणी दिली नसती. सांगता येत नाही. पण दिली तू, हे काही खोटं नाही. तुझं मन राखायला मी ते खोटं नाही म्हणणार."

ते आत गेले, शर्ट घालून आले. मिक्सर तसाच उघडा टाकून सुनेला म्हणाले, "उद्धवकडं जाऊन येतो." तिघं परत रिक्षात बसले. ताथवड्यात टॉवरच्या फाटकाशी आम्रपाली उतरली. वर ये, असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढचं तिला विजयश्रीकडून तुटक तुटक कळत गेलं. उद्धवराव परत मीटिंगला जायला लागले. गणपतीत एकदा परत घेतली, चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, मग हिंदुराव येऊन राहिले. त्यानंतर मीटिंग परत धरलीय. 'सध्या ठीक आहे' याच्यापुढं विजयश्री काही सांगत नाही. काही विचारायचा आपल्याला हक्क नाही हे आम्रपालीलाही समजतं, पण ती विचारते.

नोकरी तिनं सोडली नाही. रविराजशेठला सांगून ओतण्याचं काम तेवढं सोडलं. आता ती माल मागवते, बाटल्या तपासते. चाखणीला दिपाली नावाची नवी मुलगी असते, चटपटीत, गोड बोलणारी. आम्रपालीनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणी नको म्हटलं की प्याला मागं घ्यायचा, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दिपाली हो म्हणाली होती. तरी शनिवारी आत हिशेबाच्या खोलीत बसल्या बसल्या बाहेरून तिचा आवाज येतो, "अहो, एक घोट तर घ्या," आणि आम्रपाली हातातलं काम ठेवून बाहेर जाते. दर वेळी नाही. कधी कधी जाते, कधी कधी नुसतीच ऐकत बसते. रविराजशेठ त्यावरून एकदा चिडला, म्हणाला, दुकान चालवायचंय की विहार?

नोव्हेंबरात एका सकाळी ती कामावर येत होती. थंडी पडायला लागली होती. टॉवरच्या बाजूच्या रस्त्यावर समोरून उद्धवराव आणि हिंदुराव चालत येताना दिसले. दोघांच्या डोक्याला मफलर, उद्धवरावांचा खांदा अजून जरा वाकलेला. काहीतरी बोलत, हसत येत होते. तिचा जीव भांड्यात पडला. हाक मारावी असं मनात आलं, पाय पुढे पडलेही.

उद्धवरावांनी तिला पाहिलं. हसणं थांबलं. त्यांनी हिंदुरावांच्या दंडाला धरलं आणि दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. गरम तव्याजवळून हात काढून घ्यावा तसं ते होतं. तिला पाहिलं की त्यांना काय आठवत असेल, जिभेवर काय येत असेल, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

पलीकडून हिंदुरावांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि हात किंचित वर केला. मग ते दोघं पुढे गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन स्टॉप आधी उतरते आणि कॉलेजच्या मागच्या रस्त्यानं दुकानात जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. तिकडं बांधकाम चालू आहे, धूळ असते, पण त्यांना सकाळी मोकळेपणानं फिरता येतं.